युवकांचा वाली कोण?

राष्ट्रीय युवा धोरण १९८८ साली आले. २००३ व २०१४ साली ते नव्याने लिहिले गेले. २००३ च्या धोरणाने १३ ते ३५ वर्षे वयाच्यांस युवक मानले, २०१४ च्या धोरणाने १५ ते २९ वयाच्यांस. तिशी उलटलेला बेकार पदवीधर त्यामुळे युवक राहिला नाही. बेकार मात्र राहिलाच! शिक्षण, कौशल्य आणि रोजगार हे विषय निरनिराळ्या मंत्रालयांकडे आहेत. धोरण आखणाऱ्या युवक कार्य खात्याच्या हाती राष्ट्रीय सेवा योजनेसारखे उपक्रम तेवढे उरतात. मग अपयशाचा जाब विचारावयाचा कोणास? सर्व मंत्रालयांनी युवकांसाठी काय केले, याचा एकत्र हिशेब एका जबाबदार मंत्र्याने दरवर्षी संसदेपुढे ठेवावा. त्यावाचून पुढील धोरणही सदिच्छांची यादीच ठरेल.