मामीचा बोजँगल्स

दिवाळीत मंठ्याला गेले की माझा एक प्रोग्रॅम फिक्स असतो. दिवसभर चकल्या, संध्याकाळी मामांच्या खत-बियाण्यांच्या दुकानात टाइमपास आणि रात्री मामीबरोबर सिनेमा. (मंठा कुठे आलं, असं विचारणाऱ्या समस्त कोथरूडकरांसाठी : जिल्हा जालना, जालना-नांदेड रोड. लोणारचं सरोवर बघायला गेला असाल तर तिथून जवळच. रेल्वेने यायचं तर परतूरला उतरा. मल्टिप्लेक्सचं विचारू नका.)

यंदा लॅपटॉपवर होता 'वेटिंग फॉर बोजँगल्स'. मूळ फ्रेंच नाव 'आं नातांदां बोजँगल्स', बघा जीभ वळतेय का! ऑलिव्हिए बूर्दोची २०१६ ची कादंबरी, त्यावर रेजिस र्वांसारने केलेला, २०२२ च्या जानेवारीत फ्रान्समध्ये लागलेला सिनेमा. रोमँ द्युरिस आणि व्हर्जिनी एफिरा. खाली इंग्लिश सबटायटल्स, आणि ती मोठ्याने मराठीत वाचून दाखवणारी मी.

स्टोरी अशी. जॉर्ज आणि कामिय पार्टीत भेटतात, नाचतात, प्रेमात पडतात. मग पॅरिसमधला फ्लॅट, सारख्या पार्ट्या, एक मुलगा आणि घरात पाळलेला चक्क एक करकोचा! पोस्टाने आलेली पत्रं कुणी उघडतच नाही, नुसता ढीग. बायकोला वास्तव झेपत नाही ना, मग वास्तव घरात घ्यायचंच नाही, असा नवऱ्याचा फंडा. आणि नाचायला पुन:पुन्हा तेच एक गाणं, 'मिस्टर बोजँगल्स'. मामी सॉलिड हसत होती. करकोचा तर तिला फारच आवडला. "आपल्या म्हशीपेक्षा गरीब दिसतो," म्हणाली.

इंटरव्हलनंतर (फ्रेंच सिनेमाला नसतो, आम्ही दूध तापवायला घेतला) सगळं फिरतं. घराला आग, मग मनोरुग्णालय. मग नवरा आणि मुलगा मिळून तिला तिथून 'किडनॅप' करतात आणि थेट स्पेन गाठतात. हॉस्पिटलच्या सीनला मामी उठली, ओट्यापाशी जाऊन भांडी लावत बसली. मी पॉज केलं. तर आतून आवाज, "चालू दे गं, ऐकू येतंय मला."

माझ्या मामीला बायपोलर आहे. हे मी तिला विचारून लिहितेय.

आधी सिनेमाचं संपवते. ज्यांना शेवट कळायला नकोय त्यांनी हा पॅरा गाळा. कामिय मरते, आणि तिच्यामागे जॉर्जही जातो. 'बेटी ब्लू' आठवतोय? १९८६ चा, बेनेक्सचा? त्यातली बेटीही मरते. (असले विचार तुमच्या किंवा जवळच्या कुणाच्या डोक्यात येत असतील तर १४४१६. टेली-मानस, सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात.) वेडं प्रेम फ्रेंचांना काय भारी रंगवता येतं! पण अशा बाईला म्हातारं कसं करायचं, हे काही त्यांना सुचत नाही. माझी मामी अठ्ठावन्न वर्षांची आहे. गुडघे दुखतात, सिरियली बघते, सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवते. म्हणजे अशी बाई म्हातारी होऊ शकते. फक्त त्याचा सिनेमा निघत नाही.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मामी पहिल्यांदा 'वर' गेली. आठवडाभर झोप नाही. एका रात्री दोन वाजता उठून तिने पुरण शिजवायला घेतलं आणि उजाडेपर्यंत अख्ख्या गल्लीला पुरतील एवढ्या पोळ्या लाटल्या. गल्लीने त्या खाल्ल्या, तुपासकट! आणि मग म्हणाली, बाई वेडी झाली. त्यानंतर दोन महिने मामी भिंतीकडे तोंड करून पडून होती. 'बाहेरचं' बघणारे झाले, गंडेदोरे झाले. नातेवाइकांनी मामांना सुचवलं, फारकत घे. कायदाही आपल्याच बाजूचा, असं त्यांना वाटत होतं, कारण हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचं एक कारण आहेच. पण नुसतं आजाराचं नाव पुरत नाही. स्किझोफ्रेनियाच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने १९८८ सालीच सांगितलंय की आजार किती तीव्र आहे, त्याच्याबरोबर संसार करणं खरंच अशक्य आहे का, ते बघावं लागेल. मामांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते फक्त "नाही" म्हणाले आणि तिला औरंगाबादला (आताच्या छत्रपती संभाजीनगरला) एका डॉक्टरकडे घेऊन गेले. तेही "तुझ्या मावशीकडे जाऊ" असं खोटं सांगून.

खरी गडबड पुढे झाली. मामी गोळ्या घेईना. मग कुणीतरी मामांना चव नसलेल्या थेंबांची आयडिया दिली. चहात टाकायचे, तिला कळतही नाही. वर्षभर मामा रोज सकाळी बायकोला स्वत: चहा करून देत होते. बायकांमध्ये काय कौतुक त्यांचं! एक दिवस पिठाच्या डब्यामागे मामीला बाटली सापडली. ती काहीच बोलली नाही. पण त्या दिवसापासून आजतागायत तिने मामांच्या हातचा चहा घेतलेला नाही. दोघांचाही चहा तीच करते.

असे थेंब टाकणारे घरोघरी आहेत, आणि त्यांना व्हिलन ठरवणं मला जमणार नाही. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही राज्यातली चार जुनी सरकारी मनोरुग्णालयं. मराठवाड्यात वर्षानुवर्षं एकही नव्हतं. जालन्याला मंजूर झालं ते अगदी अलीकडे. अशा वेळी रात्री दोन वाजता दुकानदार नवऱ्याने काय करायचं?

आपल्याकडे या विषयावर सिनेमा म्हटलं की 'देवराई'. २००४ चा, सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा. अतुल कुलकर्णीचा शेष आणि त्याला पुण्याला आपल्या घरी आणणारी सोनाली कुलकर्णी, त्याची बहीण. इथे लव्हस्टोरीपेक्षा बहिणीची फरफट मोठी आहे, आणि 'भाऊ पूर्ण बरा होणार नाही, पण जगू शकेल' हे तिने हळूहळू गिळणं. गंमत म्हणजे स्किझोफ्रेनियावरच्या या सिनेमाला नॅशनल अवॉर्ड मिळालं ते पर्यावरणाच्या कॅटेगरीत!

या सिनेमाच्या निर्मितीमागे होते डॉ. जगन्नाथ वाणी. मूळचे धुळ्याचे, कॅनडात कॅलगरी युनिव्हर्सिटीत संख्याशास्त्राचे प्रोफेसर. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू करण्यातही त्यांचा पुढाकार होता. २०१७ साली ते गेले. हे मी मामांना सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, "त्यांच्या बायकोला माहीत होतं का, आपल्याला काय झालंय ते?" मला एकदम काही बोलता आलं नाही.

तर सिनेमा संपला. मामा खुर्चीतच बसून होते. म्हणाले, "त्या माणसाला कळंना का? पहिल्याच वर्षी डॉक्टरकडं न्यायचं ना बाईला."

मामी म्हणाली, "अन् नेऊन? तुम्ही नेलंच की मला. सांगून नेलं का?"

मामा गप्प. मीही गप्प. मग मामीच बोलली. "तो बी खोटंच बोलू लागला, तुम्ही बी खोटंच बोलले. त्याचं खोटं गोड होतं, एवढंच."

माझं मास कम्युनिकेशन तिथेच संपलं!

बाटली सापडल्यावर मामी आणखी एकदा 'वर' गेली, आणि उतरल्यावर तिने स्वत:च मामांना अट घातली. गोळी घेईन, पण स्ट्रिप माझ्या बटव्यात राहील आणि डॉक्टरांशी मी बोलेन. तेव्हापासून लिथियम. हो, तुमच्या मोबाइलच्या बॅटरीत असतं तेच. १९४९ साली जॉन केड नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने ते या आजारावर वापरून पाहिलं. स्वस्त औषध आहे, पण नखरेल. रक्तातली लेव्हल ठरावीक महिन्यांनी तपासावी लागते. शरीरातलं पाणी कमी झालं की लेव्हल चढते, मग हात थरथरतात, उलट्या होतात, तोल जातो. आता मराठवाड्याचा मे महिना डोळ्यापुढे आणा. मामा दुकानातून दर दोन तासांनी फोन करतात आणि "पाणी?" एवढंच विचारतात. इकडून "हो" म्हटलं की फोन कट.

आणि हरतालिका! नवऱ्यासाठी धरायचा निर्जळी उपास. मामी हट्टाने धरायची. एका वर्षी ती चक्कर येऊन पडली, तेव्हापासून त्या दिवशी मामा दुकान बंद ठेवून घरी बसतात. तांब्या समोर ठेवून म्हणतात, "मला काय व्हायचं ते होऊ दे, तू पाणी पी." सासूबाईंच्या फोटोकडे पाठ करून मामी पाणी पिते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा करताना तिने मला ते गाणं मोबाइलवर टाकून द्यायला सांगितलं. मी विचारलं, "मामी, तेव्हाचं ते 'वर' जाणं कधी आठवतं?" ती चहा गाळत म्हणाली, "आठवतं की. लई मस्त वाटायचं. गोळीनं तेवढं गेलं." मग मामांचा कप त्यांच्यासमोर ठेवला, स्वत:चा उचलला.

लेख छापायला देण्याआधी मी तिला फोनवर वाचून दाखवला. नाव टाकणार नाही, हे आधीच ठरलं होतं. थेंबांचा भाग तिने न बोलता ऐकला. पुरणपोळ्यांचा भाग मात्र दोनदा वाचायला लावला, कारण मी पोळ्यांचा आकडा घातला नव्हता. "दीडशे होत्या," म्हणाली, "तेवढं लिही."