आधी काला, मग कुलूप

एका कागदावर एका वेळी एकाच माणसाने लिहावे, असे ठासून सांगणारी माणसे मला जन्मभर भेटत आली आहेत. ती बहुधा अविवाहित तरी असतात किंवा साहेब तरी. ज्याच्या घरी एक तरी लग्नकार्य झाले आहे त्याला ठाऊक असते, की आमंत्रितांची यादी ही एकट्याच्या हातची वस्तूच नव्हे. तिची एक प्रत बायकोच्या पर्समध्ये असते, एक वहिनीच्या डब्यांमागे, एक थोरल्या भावाच्या खिशात घामाने भिजत असते आणि मूळ यादी कुठे आहे हे फक्त आईला माहीत असते. चौघेही एकाच वेळी लिहीत आणि खोडत असतात. तरी लग्न लागते.

पण कचेरीत आलो की शहाणपण बाहेर चपलांपाशी राहते. तिथे कुलुपाचे राज्य.

मी ज्या बँकेत कारकुनी करतो तिचे नाव सांगत नाही. शाखा यवतमाळ जिल्ह्यात आहे, एवढे पुरे. मे महिना उजाडला की आमच्याकडे पीककर्जाची यादी सुरू होते. यादी एक, तिच्यावर हात चार. एकाने अर्ज चढवायचे, दुसऱ्याने सातबारा आणि आठ-अ तपासल्याची खूण करायची, तिसऱ्याने मागची थकबाकी लिहायची, चौथ्याने मंजुरीचा आकडा भरायचा. फाईल एक्सेलमधली. आपण ती उघडावी, तर ती सांगते की अमुक माणसाने ती आधीच उघडली आहे, तुम्ही फक्त वाचा. म्हणजे दुकानाच्या काचेतून जिलबी बघा. अमुक माणूस कुठे? तो मशीन चालू ठेवून वणीला मेहुण्याच्या साखरपुड्याला गेला आहे. आणि काउंटरपलीकडे उभा असलेला शेतकरी विचारतो आहे, "सायेब, मिरग तोंडावर आला, बियाणं कवा घ्याव जी?"

कुलूपवाल्यांचा युक्तिवाद असा, की कुलूप आहे म्हणून गोंधळ होत नाही. साफ खोटे. कुलूप आहे म्हणून गोंधळ चोरून होतो. पहिल्या दिवशी कुणीतरी हळूच फाईलची नक्कल काढतो आणि तिला 'पीककर्ज यादी नवीन' असे नाव देतो. दुसऱ्या दिवशी 'नवीन खरी' जन्माला येते. आठवड्याच्या शेवटी 'नवीन खरी साहेबांची' आणि 'हीच धरावी' या दोन सवती नांदू लागतात. मग महिनाअखेरीस रात्री आठ वाजता दोघे जण फूटपट्टी घेऊन चारही याद्या डोळ्यांनी जुळवतात. म्हणजे एकत्र करणे काही टळले नाही. ते फक्त अंधारात, उपाशीपोटी आणि जबाबदारी कुणाचीच नाही अशा रीतीने झाले. त्यात एखाद्याचे नाव 'नवीन खरी'मध्येच राहून जाते. त्याचा पाऊस मात्र थांबत नाही. तो कृषी केंद्रातून उधारीवर पऱ्हाटीचे बियाणे उचलतो, आणि त्या उधारीचा दर आमच्या पाटीवरच्या दरापेक्षा कितीतरी वेगळा असतो. हा कुलुपाचा खर्च. तो कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. कॉमर्सचा पदवीधर म्हणून मला याचे विशेष वाईट वाटते.

आमचा एक भाचा हिंजवडीला संगणकाचे काम करतो. तो म्हणाला, "मामा, हे भांडण आमच्याकडे कधीच मिटलं." त्यांच्या धंद्यातही आधी कुलूपच होते म्हणे. १९७२ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड याने एससीसीएस नावाची व्यवस्था सुरू केली. जो फाईल नेईल त्याच्याच हाती ती, बाकीचे ताटकळत. १९८० च्या दशकात वॉल्टर टिची याने आरसीएस केली, तिचीही रीत कुलुपाचीच. मग १९८६ च्या सुमारास डिक ग्रून या डच प्राध्यापकाला दोन विद्यार्थ्यांबरोबर एकच काम करायचे होते आणि तिघांच्या वेळा काही केल्या जुळत नव्हत्या. त्याने सांगितले, जो तो आपली प्रत घेऊन जा, आपल्या सवडीने लिहा, मग आपण काला करू. तीच सीव्हीएस. २००५ साली लिनस टोरवाल्ड्सने गिट आणले आणि आता हजारो माणसे एकमेकांचे तोंड न बघता एकच काम करतात. (आम्ही चौघे रोज एकमेकांचे तोंड बघतो. म्हणूनच जमत नसावे.)

या काल्याची युक्ती ऐकून मी थक्क झालो, कारण ती आईची निघाली. समजा, बायकोच्या यादीत पुसदचे मामा नाहीत आणि भावाच्या यादीत आहेत. आता बायकोने मामांना कापले की भावाने मामांना घुसवले? दोन याद्या कितीही वेळ समोरासमोर धरा, उत्तर मिळणार नाही. भांडण मात्र मिळेल. उत्तर तिसऱ्या कागदावर असते, म्हणजे ज्या मूळ यादीवरून दोघांनी उतरवून घेतले त्या यादीवर. तिथे मामा असतील तर बायकोने कापले, नसतील तर भावाने घातले. ज्याने बदल केला त्याचा बदल धरायचा. दोघांनी एकाच मामावर दोन तऱ्हेचे बदल केले असतील, तरच यंत्र हात वर करते आणि म्हणते, बसा आता समोरासमोर. शेकडो ओळींत असे मामा दोन-चारच निघतात. कुलूपवाले त्या दोन-चार मामांच्या धास्तीने सगळे वऱ्हाडच दाराबाहेर उभे करतात.

कालेवाल्यांनीही फार हुरळून जाऊ नये. यंत्र ओळी जुळवते, अर्थ नव्हे. भावाने एका ओळीत लग्न सकाळचे संध्याकाळवर नेले आणि वहिनीने दुसऱ्या ओळीत नाश्त्याचे पोहे चारशे जणांचे केले, तर यंत्राला त्यात काही वाद दिसत नाही. ते दोन्ही बदल गुण्यागोविंदाने स्वीकारते आणि सकाळी चारशे माणसांच्या पोह्यांसमोर आचारी एकटा बसतो. काल्यानंतर एका शहाण्या माणसाने डोळे उघडे ठेवून सगळे वाचायचे असते. नकाशा किंवा फोटो यांचा तर काला होतच नाही. तिथे कुलूपच बरे.

आणि पैशाला कुलूप हवेच, हे मी चोवीस वर्षे नोटा मोजून सांगतो. नवरा-बायकोच्या जोडखात्यात सहा हजार आहेत. नवरा यवतमाळला काउंटरवर पाच हजार मागतो आहे आणि त्याच क्षणी बायको दारव्ह्याच्या एटीएममधून पाच हजार काढते आहे. दोघांना शिलकेची आपापली प्रत देऊन "सवडीने काला करू" म्हटले, तर बँकेचा काला होईल. म्हणून संगणक एकाचे काम होईपर्यंत ते खाते अडकवून ठेवतो. पण किती वेळ? पापणी लवायच्या आत सोडतो. कुलूप वाईट नाही हो, कुलूप लावून साखरपुड्याला जाणे वाईट.

हे सगळे विलायती आहे असेही समजू नका. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरी शुद्ध केली. तीनशे वर्षे जो तो आपली प्रत उतरवून घेत होता आणि पाठभेद साचत होते. नाथांनी ते निवडून ग्रंथ शुद्ध केला, आणि मग शेवटी बजावून ठेवले, की यात कुणी आपली ओवी घालील तर त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखे होईल. कुलूपच ते. पण केव्हा घातले? सगळे पाठ निवडून झाल्यावर. पहिल्याच दिवशी पोथी पेटीत घालून किल्ली कमरेला लावली नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षे महाभारताच्या बाराशेहून अधिक पोथ्या जुळवल्या, तीही मूळ यादी हरवलेली असताना. आमच्या चार याद्यांचे रडगाणे तिथे सांगायला लाज वाटावी.

आणि इतक्या लांब तरी कशाला? ज्या सातबाऱ्याची खूण करायला आम्ही ताटकळतो, त्याचाच कायदा बघा. जमिनीत काही बदल झाला की तो थेट सातबाऱ्यावर जात नाही. आधी गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराच्या वहीत नोंद होते. नोटीस निघते. पंधरा दिवस हरकतीला असतात. कुणाची हरकत आली तर ती सहा-अमध्ये चढते आणि तिचा निकाल लागतो. मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि तेव्हा कुठे सातबारा बदलतो. महसूल खात्याला मी आजवर कधी चांगले म्हटलेले नाही, पण हे त्यांना सुचले आहे. पिकाची नोंद तर पूर्वी तलाठ्याच्या (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे) एकट्याच्या हाती होती. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकरी स्वतः मोबाईलवरून आपल्या शेताचा फोटो काढून ती भरू लागला. म्हणजे ज्याच्या नावाची यादी आहे तो बांधावर उभा राहून लिहू शकतो, आणि ज्यांना लिहिण्याचा पगार मिळतो ते काचेतून जिलबी बघतात!

"पण सगळ्यांना लिहू दिलं आणि कुणी घोळ घातला तर?" असे आमचे साहेब विचारतात. साहेब, लेजरच्या काळात प्रत्येक नोंदीपुढे लिहिणाऱ्याची इनिशियल असायची. पानावर दहा हातांनी लिहिलेले असायचे आणि दहाही हात ओळखू यायचे. 'हीच धरावी'वर कुणाची इनिशियल आहे, ते तेवढे एकदा बघून सांगा.