पडद्यावरची सखू, घरातली रतन

चार्ली चॅप्लिनने १९१८ मध्ये मिल्ड्रेड हॅरिसशी आणि १९२४ मध्ये लीटा ग्रेशी लग्न केलं, तेव्हा दोघीही सोळा वर्षांच्या होत्या. दोन्ही संसार मोडले. १९२७ मध्ये लीटाला सहा लाख डॉलरहून जास्त रक्कम द्यावी लागली आणि अमेरिकेतली वर्तमानपत्रं त्या खटल्याने भरून गेली. मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स ही तर साऱ्या जगाची लाडकी जोडी. १९३६ मध्ये तीही विभक्त झाली. हॉलिवूडची ही भांडणं निदान कोर्टात तरी पोचत.

आपल्याकडे मराठी अभिनेत्री हंसा वाडकरांच्या नशिबी तेही नव्हतं.

मूळ नाव रतन साळगावकर. मुलगी सिनेमात जाणार म्हटल्यावर घराण्याच्या नावाला बट्टा नको म्हणून आडनाव बदललं गेलं, पण तिच्या पैशाला मात्र कुणाची हरकत नव्हती. तिचा ‘विजयाची लग्ने’ हा सिनेमा १९३६ चा, म्हणजे तेव्हा ती जेमतेम तेरा वर्षांची. पुढे जगन्नाथ बंदरकरांशी लग्न झालं. आता सिनेमा सोडावा, घर सांभाळावं, मुलंबाळं व्हावीत, एवढीच तिची इच्छा होती. नवऱ्याला मात्र तिची कमाई हवी होती आणि तिच्यावर संशयही घ्यायचा होता. १९४१ मध्ये प्रभातच्या ‘संत सखू’त तिने सासुरवाशिणीचे हाल पडद्यावर दाखवले, लोकांनी डोळे पुसले. स्टुडिओतून ती परतायची ते या घरात.

एकदा संतापाच्या भरात ती घराबाहेर पडली आणि एका माणसाबरोबर थेट मराठवाड्यातल्या खेड्यात आली. त्याच्या घरात आधीच दोन बायका होत्या, ही तिसरी. तिथे तिने तीन वर्षं काढली. बाहेर पडायची मुभा नव्हती. चकलांब्यासारख्या गावातल्या वाचकाला अशा वाड्याचं वेगळं वर्णन करून सांगायला नको. मुंबई इलाख्यात १९४६ मध्ये द्विभार्याप्रतिबंधाचा आणि १९४७ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला. आपला बीड जिल्हा मात्र सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. अखेर तिने कसाबसा निरोप धाडला तो नवऱ्यालाच. ज्या घरातून पळाली, सुटकेसाठी त्याच घराकडे पाहावं लागलं. तिच्या आयुष्यातली सगळ्यात क्रूर गोष्ट हीच वाटते. लोक अशा बाईच्या ‘भानगडी’ मोजतात. तिच्या कमाईचा हिशेब कुणाच्या हाती होता, हे कुणी विचारत नाही.

तिने काम केलेला अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ हा सिनेमा १९५९ मध्ये आला आणि पुण्याच्या विजयानंद थिएटरमध्ये १३१ आठवडे चालला. तेच नाव तिने आपल्या आत्मकथेला दिलं. अरुण साधूंनी शब्दांकन केलं, ‘माणूस’ नियतकालिकातून ती छापून आली आणि मग राजहंस प्रकाशनाने पुस्तक काढलं. दारू, संशय, नको असलेले गर्भपात, काहीही झाकलेलं नाही. कुणाकडे दया मागितलेली नाही, स्वतःलाही सोडलेलं नाही. मराठीतल्या कितीतरी गुळगुळीत आत्मचरित्रांपेक्षा हे छोटं पुस्तक म्हणूनच मोठं आहे.

१९७१ मध्ये हंसाबाई गेल्या, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. सहा वर्षांनी श्याम बेनेगलांनी या आत्मकथेवरून ‘भूमिका’ काढला आणि स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सिनेमा पाहिलेले पुष्कळ भेटतात, पुस्तक वाचलेले फार थोडे. गावातल्या वाचनालयाने त्याची एक प्रत जरूर मागवावी.