मागचा पगार किती होता?

शनिवारी सकाळी पोहे खात खात भलतंसलतं वाचत बसायची मला सवय आहे. गेल्या शनिवारी असाच चित्रांच्या लिलावांच्या भानगडीत शिरलो आणि दुपारचं जेवण गार होईपर्यंत बाहेर आलो नाही. चित्रकलेतलं मला काही कळत नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. इंटरमिजिएट ड्रॉइंगला सी ग्रेड मिळालेला माणूस आहे मी! तरी लिहितोय, कारण प्रकरण चित्रांपेक्षा पगाराच्या जास्त जवळचं निघालं.

तर, १६ मे २०१९, न्यूयॉर्क. सदबीजच्या लिलावात ली क्रॅस्नर या चित्रकर्तीचं 'द आय इज द फर्स्ट सर्कल' हे १९६० सालचं अमूर्त चित्र विक्रीला आलं. चित्र केवढं? पावणेआठ फूट उंच आणि सोळा फूट रुंद. आमच्या हॉलची सगळ्यात मोठी भिंतसुद्धा याला पुरणार नाही. रंग म्हणाल तर मातकट तपकिरी आणि मळकट पांढरा, बस्स. त्यांचे मोठमोठे फराटे, भोवरे, शिंतोडे. स्क्रीनवर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भिंतीला ओल आल्यासारखं वाटलं (हसू नका, खरं सांगतोय). पण थोडा वेळ बघत राहिलं की त्यात डोळ्यांसारखे आकार दिसायला लागतात, आणि एकदा दिसले की मग जात नाहीत.

अंदाज होता एक ते दीड कोटी डॉलरचा. हातोडा पडला बरोब्बर एक कोटीवर, म्हणजे अंदाजाच्या खालच्या टोकाला. लिलावगृहाचं कमिशन धरून १ कोटी १६ लाखांच्या वर, आपल्या पैशात त्या वेळचे साधारण ऐंशी कोटी. तिच्या चित्राला तोपर्यंत मिळालेल्या किमतीच्या दुप्पट! बातम्यांमधून 'विक्रम, विक्रम' झालं. आदल्याच संध्याकाळी त्याच शहरात क्रिस्टीजमध्ये जेफ कून्सचा स्टीलचा चकचकीत ससा ९ कोटी १० लाख डॉलरना गेला होता, ते सोडून द्या.

ही क्रॅस्नर म्हणजे जॅक्सन पोलॉकची बायको. झालं! बहुतेक ठिकाणी तिची ओळख इथंच संपते. वास्तविक पोलॉकशी लग्न व्हायच्या आधीपासून ती न्यूयॉर्कमधल्या अमूर्त चित्रकारांमध्ये वावरत होती. तिच्या मास्तरांनी, हान्स हॉफमननी, एकदा तिचं कौतुक केलं ते असं, की चित्र इतकं चांगलं आहे की बाईने काढलंय हे कळणारही नाही. (आमच्याकडे कोड रिव्ह्यूमध्ये साधारण याच जातीचं कौतुक मी ऐकलेलं आहे.) १९४५ मध्ये लग्न करून दोघं लाँग आयलंडवर राहायला गेले. अंगणातल्या मोठ्या कोठारात पोलॉकचा स्टुडिओ, आणि ही माडीवरच्या छोट्या खोलीत. १९५६ मध्ये पोलॉक मोटार अपघातात गेला, तेव्हा कुठे तिला ते कोठार मिळालं. चित्रं मोठी झाली ती त्यानंतर.

१९५९ मध्ये तिची आई गेली. झोप उडाली. मग ती रात्री उठून चित्रं काढायला लागली. दिव्याच्या उजेडात रंग नीट कळत नाहीत, म्हणून तिने रंगच बंद केले आणि तपकिरी-पांढऱ्यावर काम चालवलं. आपलं चित्र त्या रात्रींमधलं. क्लेमंट ग्रीनबर्ग या तेव्हाच्या बड्या समीक्षकाने तिच्या प्रदर्शनाचं ठरवलं होतं, पण ही नवी चित्रं त्याला आवडली नाहीत. तिने प्रदर्शनच रद्द केलं. मला या बाईबद्दल आदर वाटायला लागला तो इथं.

आता पोलॉककडे या. त्याचं 'नंबर १७ ए' हे चित्र २०१५ मध्ये खासगी व्यवहारात सुमारे २० कोटी डॉलरना विकलं गेल्याच्या बातम्या होत्या. ते जेमतेम पावणेचार फूट बाय पावणेतीन फूट! पुण्यात फ्लॅट घेतलेला असल्यामुळे मी लगेच चौरस फुटाचा रेट काढला. नवऱ्याचा रेट बायकोच्या साधारण दोनशेपट आला. हिशेब अडाणी आहे, मान्य. पोलॉकने चित्रकलेला जे वळण दिलं ते मोठंच, आणि तो तिच्यापेक्षा महाग असावा यात मला काही गैर दिसत नाही. प्रश्न 'किती' महाग हा आहे, आणि ते 'किती' कोण ठरवतं, हा.

ते ठरतं मागच्या भावावरून. लिलावगृहं अंदाज काढतात तो याच चित्रकाराचं असंच चित्र आधी कितीला गेलं ते बघून. म्हणजे १९५० मध्ये ज्याचं चित्र महाग, त्याचं २०१९ मध्ये आणखी महाग. आणि ज्या बाईचं तेव्हा कोणी विकतच घेत नव्हतं, तिच्या चित्राला मागचा भावच नाही. गंमत अशी, की पोलॉकचा भाव चढा ठेवण्यात मोठा हात खुद्द क्रॅस्नरचा! त्याच्यामागे त्याची चित्रं तिच्या ताब्यात आली, ती तिने घाईने न विकता थोडी थोडी, हिशेबाने बाजारात आणली. जो आकडा पुढे तिच्याच चित्रांशेजारी ठेवून बघितला जाणार होता, तो तिनेच वाढवला. आणि तिचं स्वतःचं मोठं प्रदर्शन न्यूयॉर्कच्या मोमामध्ये लागलं ते १९८४ च्या डिसेंबरात. ती जूनमध्ये गेली होती.

आता पगाराचं. दोन वर्षांपूर्वी मी एका मुलीचा इंटरव्ह्यू घेतला. उत्तम होती. त्याच आठवड्यात एक मुलगा घेतला, तोही चांगला, पण तिच्याइतका नाही. दोघांच्या फॉर्मवर 'करंट सीटीसी' असा रकाना होता. मुलीने बाळंतपणानंतर दीड वर्ष गॅप घेऊन मिळेल त्या पगारावर परत सुरुवात केली होती. मागच्या आकड्यावर तीस टक्के, या नियमाने दोघांनाही ऑफर गेली. नियम एकच, कोणावर अन्याय नाही! तिचा पगार त्याच्यापेक्षा सहा लाखांनी कमी बसला. फॉर्मवर सही माझी होती आणि तेव्हा मला काहीही खटकलं नव्हतं.

अपवाद आहेत. अमृता शेरगिलचं 'द स्टोरी टेलर' २०२३ मध्ये ६१.८ कोटींना गेलं आणि तेव्हा तो कोणत्याही भारतीय चित्राचा, म्हणजे पुरुषांच्या चित्रांसकट, विक्रम होता. पण तिची चित्रं राष्ट्रीय ठेवा म्हणून देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि बाजारात येण्याजोगी फारच थोडी उरली आहेत. आणि ती गेली अठ्ठाविसाव्या वर्षी. यावरून काही नियम काढावा असं मला वाटत नाही.

क्रॅस्नरच्या ऐंशी कोटींतला पैसाही अर्थातच तिला मिळाला नाही, तो विकणाऱ्याला मिळाला. स्वतःची पुंजी मात्र तिने अडचणीतल्या चित्रकारांना मदत व्हावी म्हणून ठेवली. त्यातून उभं राहिलेलं फाउंडेशन १९८५ पासून ते काम करतंय. त्याच्या नावातही पोलॉक आधी आणि क्रॅस्नर नंतर आहे.

असो. आमच्या टीमपुरता तरी तो 'करंट सीटीसी'चा रकाना फॉर्मवरून काढता येईल का, असं मी सोमवारी एचआरला मेलवर विचारलं. "टेम्प्लेट हेड ऑफिसचं आहे," असं उत्तर आलंय. ती मुलगी अजून आमच्याकडेच आहे, आणि एप्रिलमध्ये अप्रेझल आहे.