आधी पूर्वपक्ष, मग टोला

दहावीच्या मराठीच्या पेपरात पत्रलेखन असते. मागणी, विनंती, अभिनंदन. न पटलेल्या लेखाला उत्तर कसे द्यावे, हे मात्र क्वचितच शिकवले जाते. वादविवाद स्पर्धा होतात, पण तिथे बाजू नेमून दिलेली आणि सगळ्यांचा डोळा ढालीवर. प्राचीन तर्कशास्त्रातल्या न्यायसूत्रांनी सत्यशोधनाचा वाद, जिंकण्यासाठीचा जल्प आणि स्वतःचे काहीच न मांडता दुसऱ्याचे खोडून काढणारी वितंडा, असा भेद केव्हाच करून ठेवला आहे. आपण जल्प शिकवतो आणि मुले मोबाइलवर वितंडा घालू लागली की कपाळाला हात लावतो.

वर्गात एखादा अग्रलेख द्यावा. लेखकाचे म्हणणे, म्हणजेच पूर्वपक्ष, त्यालाही मान्य होईल अशा तीन ओळींत आधी लिहून घ्यावे, विरोध त्यानंतर. यामुळे लेखणीची धार बोथट होईल, असा आक्षेप येईल. पण समाजसुधारक आगरकरांनी १८८८मध्ये सुरू केलेल्या ‘सुधारक’ पत्राची भाषा काही मिळमिळीत नव्हती. विरोधकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. ते मात्र युक्तिवादच करत राहिले. वेळ नाही म्हणाल, तर ‘मी मुख्यमंत्री झालो तर’ हा निबंध एखाद्या वर्षी गाळावा, कुणाचे काही अडणार नाही.