महापौर पुण्याचा, पण हिंजवडी कोणाची?

रोहा-अष्टमीत नगराध्यक्ष थेट जनता निवडते. पुण्यात मात्र महापौर नगरसेवक निवडतात, तेही अडीच वर्षांसाठी. कार्यकारी अधिकार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे. मग अष्टमीहून पुण्यात आलेल्या आयटी इंजिनीअरने मत का द्यावं?

हिंजवडीचं आयटी पार्क महापालिकेच्या हद्दीबाहेर उभं राहिलं. तिथे एमआयडीसी, पीएमआरडीए आणि ग्रामपंचायत. कोंडीची जबाबदारी मात्र कोणाचीच नाही. पण आपण राहतो बाणेरला. तिथलं पाणी, रस्ते, कचरा महापालिकेकडेच.

मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं पुणे महापालिकेत प्रशासक होते; जाब विचारायला नगरसेवकच नव्हता. बजेट मंजूर करणारं सभागृह आपल्या मतानेच बनतं. म्हणून महापौर कोण, यापेक्षा माझा नगरसेवक कोण, हे आधी विचारा.