होडीचा फिल्टर वेळेवर बदलता, मग पिकअपचा का नाही?



१ ऑगस्टला बंदी उठली, होड्या गेल्या, पहिली सुंगटं आली. आणि तिसऱ्याच रात्री सोसायटीची पिकअप चोर्ला घाटात उभी राहिली. ही गोष्ट जेटीवर सगळ्यांना ठाऊक आहे, पण अर्धीच. उरलेली अर्धी आम्ही कमिटीतली माणसं आज इथे लिहितो, कारण तिच्यात चूक आमची आहे.

मालीमहून रात्री क्रेट भरून गाडी बेळगावच्या सकाळच्या बाजाराला निघाली. साखळीपर्यंत ठीक गेली. केरी सोडून घाट लागायच्या आधी ड्रायव्हरचा फोन आला, "काका, गाडी ओढत नाय, गुदमरते. पिवळा दिवा पण लागलाय." आम्ही फोनवरून सांगितलं, "हळूहळू काढ, बेळगावात बघू." अर्ध्या घाटात इंजिन बंद पडलं ते पडलंच. वरून पाऊस, रेंज नाही. दुसरी गाडी पोचेपर्यंत उजाडलं होतं आणि बर्फाचं पाणी झालं होतं. माल मिळेल त्या भावात द्यावा लागला. दुसऱ्या दिवशी आम्ही ड्रायव्हरच्या पगारातून ४,००० रुपये कापायचं ठरवलं. गाडी नीट चालवली नाही म्हणून!

मग गॅरेजात फिल्टर उतरवला. त्यातलं डिझेल पारदर्शक बाटलीत ओतून दहा मिनिटं ठेवलं. तळाला दोन बोटं पाणी, त्याखाली तांबूस गाळ. दोन इंजेक्टर गेलेले. बिल ४६,००० रुपये. फिल्टर आला असता हजार-बाराशेला.

आधी आम्ही पेट्रोल पंपाच्या नावाने शिव्या दिल्या. मग गाडीचं रजिस्टर उघडलं. मे महिन्यात ड्रायव्हरने स्वतःच्या हाताने लिहिलंय, "डिझेल फिल्टर बदलणे." शेजारी आमच्यातल्या एकाची सही आणि शेरा, "चतुर्थीनंतर बघू."

आता पाणी आलं कुठून ते सांगतो. जून-जुलैचे ६१ दिवस गाडी जवळजवळ उभीच होती, टाकी अर्धी रिकामी. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होतं आणि ते तळाला बसतं, कारण पाणी डिझेलपेक्षा जड. पण वाफेचं पाणी तसं थोडंच असतं. खरं पाणी आलं शेडमधल्या बॅरलमधून. बंदीच्या काळात दोन-तीन वेळा गाडीत कॅनने डिझेल ओतलं गेलं, आणि त्या बॅरलचं बूच पावसात ढिलं होतं. कोणी ओतलं ते विचारू नका, सगळ्यांनीच ओतलंय. होडीच्या डिझेलवर व्हॅटची परतफेड मिळते, ते गाडीत घालायचं नसतं ही गोष्ट वेगळीच. ती यापुढे बंद म्हणजे बंद.

आमचं म्हणणं असं आहे. होडी समुद्रात बंद पडली तर जीव जाईल म्हणून आपण तिच्या इंजिनाला जपतो. हंगामाआधी फिल्टर बदलतो, सेपरेटरच्या काचेत पाणी दिसलं की तांडेल लगेच काढून टाकतो. पिकअप मात्र "रस्त्यावरच तर आहे" म्हणून सोडून देतो. उलट पिकअपचं इंजिन जास्त नाजूक आहे. होडीच्या जुन्या इंजिनाचा पंप आणि नोझल थोडी घाण सहन करतात. आताच्या पिकअपना कॉमन रेल आहे. तिच्यात डिझेलचा दाब १,००० बारच्या वर जातो. टायरमधली हवा दोन-तीन बार असते, म्हणजे विचार करा. आत जे भाग एकमेकांवर घासतात त्यांना डिझेलचंच वंगण. तिथे पाणी गेलं की भाग खरवडतो, गंजतो. पिवळा दिवा लागला तर गाडी बाजूला घेऊन फिल्टरखालच्या नॉबमधून पाणी काढायचं. पाच मिनिटांचं काम. ते आम्ही त्या रात्री ड्रायव्हरला करू दिलं नाही.

आता त्या घटनेनंतर उत्साह आलाय. काही मालक म्हणतात, मोठ्या ट्रकचा फिल्टर बसवू, म्हणजे कटकटच नको. थोडं थांबा. कंपनीचा फिल्टर काढून दुसरा लावणं आम्हाला पटत नाही. त्याची जाळी अगदी बारीक असते, दोन ते पाच मायक्रॉनच्या आसपासचे कण धरते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड, त्यावरून अंदाज करा. जाड जाळीचा मोठा फिल्टर लावला तर दिसायला भारी, पण घाण सरळ इंजेक्टरला. त्यापेक्षा कंपनीचा फिल्टर आहे तसा ठेवून त्याच्या आधी, टाकीकडच्या बाजूला, पारदर्शक वाटीचा एक वॉटर सेपरेटर बसवा. ३० किंवा १० मायक्रॉनचा पुरे. पहिलाच २ मायक्रॉनचा लावला तर तो लवकर चोंदतो आणि पंपाला ओढायला जड जातं. वाटीत पाणी डोळ्यांना दिसतं हा मुख्य फायदा, कारण आपल्यातले अर्धे लोक दिव्यावर विश्वास ठेवत नाहीत.

बसवताना सायलेन्सरपासून लांब, चाकाचा दगड लागणार नाही अशा जागी. आणि पाइपचे क्लॅम्प पक्के पाहिजेत. ओढणाऱ्या बाजूचा जोड ढिला असेल तर डिझेल गळताना दिसत नाही, उलट हवा आत जाते. मग गाडी झटके देते आणि मेकॅनिक चार दिवस दुसरंच काहीतरी शोधत बसतो. गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा, नाहीतर पुढे ते हात वर करतील.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. होडीवर फिल्टर बदलला की आपण नोझलचे नट ढिले करून, इंजिन फिरवून हवा काढतो. वडलांपासून हेच शिकलोय. कॉमन रेलच्या गाडीवर हे कधीच करायचं नाही. त्या दाबाने निघालेली डिझेलची बारीक धार कातडी फोडून बोटात घुसते. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, आत मांस सडतं. असं झालं तर हळद लावून घरी बसू नका, तासाभरात हॉस्पिटल गाठा. या गाड्यांची हवा फिल्टरजवळच्या हातपंपाने किंवा चावी चालू-बंद करून काढतात. तुमच्या गाडीला कुठली पद्धत ती मॅन्युअलमध्ये दिलेली असते. तसंच नवा फिल्टर बाटलीतल्या डिझेलने भरून लावायची सवयही सोडा. मधल्या भोकातून ओतलेलं डिझेल गाळलं न जाता थेट पंपात जातं.

किती दिवसांनी बदलायचा, हा प्रश्न सगळे विचारतात. कंपनी किलोमीटर सांगते, पण ते चांगल्या रस्त्याचे आणि चांगल्या डिझेलचे. आमच्या मते जेटीवरच्या गाडीने त्याच्या निम्म्यावर बदलावा, आणि किलोमीटर कितीही झाले असोत, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात नवा घालावाच. पावसाळ्यात दर रविवारी पाणी काढायचं. बंदीत गाडी उभी ठेवायची तर टाकी फुल्ल करून. पैसे अडकतात हे मान्य, पण त्या काळात हात तंग असतो म्हणूनच तर ४६,००० परवडत नाहीत. बाजारात त्याच खोक्यातला अर्ध्या किमतीचा माल मिळतो, तो मात्र घेऊ नका. आत कागद नीट चिकटवलेलाही नसतो.

ड्रायव्हरचे ४,००० रुपये गेल्या शनिवारी परत दिले, आणि सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. रजिस्टरमध्ये आता फिल्टरची तारीख आणि किलोमीटर तोच लिहील. त्याने "बदला" लिहिलं तर कमिटीला नाही म्हणायचा अधिकार नाही, असा ठराव झालाय. एक-दोघांना तो आवडलेला नाही, त्यांनी पुढच्या सभेत बोलावं.

सोसायटीतर्फे ओरिजिनल फिल्टर एकत्र मागवतोय. ज्यांना पाहिजेत त्यांनी आरसीची झेरॉक्स आणि जुन्या फिल्टरवरचा नंबर ऑफिसात आणून द्या. नंबर पुसला असेल तर जुना फिल्टरच घेऊन या, पण पिशवीत घालून. मागच्या वेळी कोणीतरी टेबलावर ठेवला आणि अख्ख्या हजेरी वहीला डिझेल लागलं.